“डॉक्टर, तुम्ही कुत्रं व्हा”

“पिल्लाला कोणी कोणी हात लावला?” डॉक्टरांनी विचारलं आणि अंगणवाडीतल्या एकोणीसच्या एकोणीस मुलांनी हात वर केले. एका पोट्ट्याने तर दोन्ही वर केले.

“त्यानं माहा अख्खा हात खाल्ला,” तो म्हणाला.

दोन्ही हात जागेवर होते.

मी अंजनगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका आहे. म्हणजे गावोगावच्या नर्सबाईंच्या कामावर देखरेख ठेवणारी. डॉक्टर पुण्याकडचे, नवीन. आमचं बोलणं म्हणजे भांडण नव्हे, एवढं त्यांना नुकतंच कळायला लागलं होतं.

शनिवारी या अंगणवाडीची सहल अमरावतीजवळच्या वनउद्यानात गेली होती. सेविका वनिताबाई, मदतनीस, दोन भाड्याच्या गाड्या. उद्यानात झाडं, तलाव, घसरगुंडी. गेटपाशी एक कुत्री आणि तिचं तपकिरी पिल्लू. मुलांनी तलावाकडे बघितलंही नाही. दिवसभर पिल्लू.

सोमवारी सकाळी उद्यानाच्या चौकीदाराचा वनिताबाईंना फोन आला. गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्यांनी नंबर लिहिला होता.

“मॅडम, ते पिल्लू कालपासून पिसाटलं होतं. लाळ गळे, दिसन त्याले चावे. आता मेलं. तुमच्या लेकरायले पाहून घ्या.”

तासाभरात आम्ही गावात होतो.

रेबीजचं गणित सोपं आहे. लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. लक्षणं दिसण्याआधी लस नीट घेतली तर वाचतो. कुत्र्याने धड कातडी चाटली असेल तर धुणं पुरतं. ओरखडा असेल तर लस. दात लागून रक्त आलं असेल तर लस आणि शिवाय सीरम, म्हणजे तयार प्रतिपिंडं. लस आमच्याकडे होती, शंका असेल त्या प्रत्येकाला देता आली असती. सीरम अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात. आणि ते जखमेतच टोचावं लागतं. त्यामुळे रक्त कोणाचं आलं आणि कुठून आलं, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

एकोणीस हात वर असताना ते कसं कळणार?

तेवढ्यात दारातल्या एका आजीने मदत केली. “खरं सांगा रे, नाई त सिस्टर सुई टोचन!”

एकोणीस हात खाली. दोघांनी भोकाड पसरलं. अख्खा हात खाल्लेल्याने दोन्ही हात खिशात घातले.

“आता कोणी हात लावला?” डॉक्टरांनी विचारलं.

कोणीच नाही. पिल्लूच नव्हतं म्हणाले.

मग आम्ही प्रत्येक मूल तपासलं. अंगावर ओरखडा नाही असं एकही नव्हतं. आया शेजारी उभ्या राहून सांगत होत्या. हे बाभळीचं. हे सायकलच्या चेनचं. हे मोठ्या बहिणीचं नख. सान्वी नावाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या पायाच्या अंगठ्याला हळद लावलेली होती. तिची आई प्रतिभा म्हणाली, “काटा रुतला तिले.” मी वहीत लिहिलं: काटा.

प्रतिभाचं लक्ष दुसरीकडेच होतं. “वनिताबाई, चपलीचं ड्रायव्हरले विचारलं काय? नवी चप्पल होती जी. लाल. सहलीसाठीच घेतल्ती, अन् पोट्टी एकच घेऊन घरी आली. म्हणते, गाडीत राह्यली.”

“ड्रायव्हर नाई म्हणते,” वनिताबाई म्हणाल्या.

“मंग उडून गेली काय?”

माझा आवाज चढला. “बाई, इथं लेकरांच्या जिवाची गोष्ट चालू आहे आणि तुम्ही चप्पल काय घेऊन बसलात?”

हे वाक्य मी पुढे बऱ्याचदा आठवलं.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “सिस्टर, सगळ्यांना लस देऊन टाकू. सीरमचं वरिष्ठांना विचारतो.”

“वरिष्ठ विचारतील, जखम कोणाला. काय सांगाल?”

“मग काय करायचं?”

पाच वर्षांचं मूल खोटं बोलत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही. समोरच्याला काय हवंय ते बघून बोलतं. मात्र जे घडलं ते खेळून दाखवायला सांगा, मग बघा. लसीकरणाला पळणाऱ्या पोरांमागे इतकी वर्षं धावून मला तेवढं समजलं होतं.

मी वनिताबाईंना खडू आणायला सांगितला. अंगणवाडीच्या ओट्यावर त्यांनी उद्यान काढलं. इथे गेट, इथे तलाव, इथे घसरगुंडी. मुलं आपोआप गोळा झाली. घसरगुंडी चुकीच्या जागी आहे म्हणून वनिताबाईंना पुसायला लावली.

“डॉक्टर, तुम्ही कुत्रं व्हा.”

“काय?”

“माझे गुडघे गेलेत. तुमचे चांगले आहेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आयांकडे बघितलं, स्टेथोस्कोप खिडकीला अडकवला आणि ओट्यावर रांगायला लागले. भुंकलेसुद्धा.

“ते भुके नाई जी,” एक मुलगी म्हणाली. “नुसतं कुईकुई करे.”

डॉक्टरांनी कुईकुई केलं. प्रतिभाने तोंडाला पदर लावला.

मग सहल सुरू झाली. एकाने डॉक्टरांना लांबूनच खोटंखोटं बिस्किट टाकलं. एकीने हरभऱ्याचे घाटे सोलून तळहातावर धरले, म्हणजे हिचा हात चाटला असणार. दोघांनी कान ओढले, डॉक्टरांचे खरोखर. एकाच्या मनगटावर पिल्लाने पंजा मारला होता, त्याने डॉक्टरांचा हात उचलून तो तसाच मारून घेतला. मी एकेकाचं नाव लिहीत गेले. अख्खा हात खाल्लेला हिरो शेवटपर्यंत गेटच्या मागे उभा राहिला. तो पिल्लाच्या जवळच गेला नव्हता.

सान्वी खडूच्या घसरगुंडीच्या टोकाला बसली होती. तिने पायातला बूट काढला आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवला.

“तोंडात घे,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी बूट दातात धरला. खरंच धरला. सान्वीने दुसरं टोक पकडून ओढलं.

“सोड! सोड ना, माय मारन मले!” तिने एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मग पायाने डॉक्टरांना ढकललं, आणि थांबली. दोन बोटांचा चिमटा केला आणि हळद लावलेल्या अंगठ्यावर दाबला.

“असं,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी तोंडातला बूट खाली ठेवला.

“अव, तू त चप्पल गाडीत राह्यली म्हणे!” प्रतिभा पुढे आली. हात उगारलेला होता. तो तिने स्वतःच खाली घेतला आणि मटकन बसली. “मले काटाच वाटला जी.”

“मीही काटाच लिहिलाय,” मी म्हटलं. “रडू नंतर. आधी साबण.”

नळाखाली धार धरून पंधरा मिनिटं पाय धुतला. दोन दिवस झाले असले तरी धुवायचं असतं. हळद निघाली आणि अंगठ्याच्या बाजूला दातांच्या दोन खुणा दिसल्या.

आता वनिताबाईंना आठवलं. चौकीदारही फोनवर म्हणाला होता, एक लहान चप्पल राहिलीय म्हणून. म्हणजे चप्पल आईला माहीत होती, ड्रायव्हरला माहीत होती, चौकीदाराकडे तर होतीच. आम्ही सगळे कुत्र्याबद्दल विचारत होतो.

अमरावतीला जाताना अॅम्ब्युलन्समधून मी चौकीदाराला फोन लावला. आभार मानायला.

“तुम्हाला तर नाही ना चावलं?”

“चावलं थोडंसं. पोटरीले. चुना लावला म्या.”

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. पण माणूस आमच्या आधी दवाखान्यात पोहोचला होता, लाल चप्पल पिशवीत घालून. धुवून आणली होती. पट्टा तुटलेला.

सान्वी आणि तो एकाच बाकावर बसले. आधी त्याचा नंबर लागला. सीरमची सुई शिरली तेव्हा मोठ्याने ओरडला तोच. सान्वीने आईचा दंड धरला, दात आवळले, आवाज काढला नाही.

परत येताना तिने मला विचारलं, “पिल्लू मेलं काय?”

“हो.”

“त्यानं सुई नाई घेतली?”

“त्याला कोणी घेऊन गेलं नाही.”

तिने चप्पल मांडीवर घट्ट धरली.

मुलांपैकी सीरम एकट्या सान्वीला लागलं. लस शंका असलेल्या सगळ्या मुलांना दिली. त्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, अठ्ठाविसाव्या दिवशी. एकाही मुलाचा एकही डोस चुकू दिला नाही. मुलं ठणठणीत आहेत. डॉक्टरांची गाडी गावात शिरली की अजून कुईकुई करतात. डॉक्टर उलट कुईकुई करतात.

कुत्र्याच्या प्रत्येक केसमध्ये मी आता एक प्रश्न जास्त विचारते: त्या दिवशी मुलाचं काय हरवलं? एका मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हा प्रश्न कोणत्या फॉर्मवर आहे?

मी म्हटलं, कोणत्याच नाही साहेब, म्हणूनच विचारावा लागतो.