अध्यक्षांची कविता आणि चार रिकाम्या जागा

रॉटरडॅमच्या आमच्या मंडळाने दिवाळी अंक छापणं थांबवून वेबसाइटवर टाकायचं ठरवलं, तेव्हा अध्यक्षांनी त्याला ‘डिजिटल पर्व’ म्हटलं. पर्व म्हणजे साध्या मजकुराच्या तीसेक फायली आणि मी. एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला प्रोग्राम, घेतली आणि पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या. इकडून फाईल घातली की तिकडून वेबसाइटचं पान, म्हणजे एचटीएमएल, बाहेर. एवढ्यासाठी लॅपटॉपसमोर समई लावली, नारळ फोडला आणि अध्यक्ष पाऊण तास बोलले.

संध्याकाळी जवळच्याच ब्रेडा शहरातून एका लेखिकेचा फोन आला. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, आता एका गोदाम कंपनीत नोकरी करणारी. इथल्या पहिल्या हिवाळ्यावर तिने लेख दिला होता, आयुष्यातला पहिलाच.

“दादा, माझाच लेख करड्या चौकटीत का? ओळी उजवीकडे पळतायत, वाचताच येत नाही. आई उद्या साताऱ्यात मोबाइलवर उघडणार आहे. तिला काय सांगू, मंडळाला आवडला नाही म्हणून?”

शाळेत शिकवल्याप्रमाणे तिने प्रत्येक परिच्छेद थोडी जागा सोडून सुरू केला होता. ओळीच्या आरंभी चार रिकाम्या जागा दिसल्या की लायब्ररी समजते, हा कुणाचा तरी प्रोग्राम आहे, याला हात लावू नये. लायब्ररी आपल्या शाळेत गेलेली नाही. मी गेलो होतो, तरी तपासलं नव्हतं.

उपाय सोपा होता: आधी त्या जागा पुसायच्या. अडचण फक्त अध्यक्षांच्या मुक्तछंदाची. तोही जागा सोडत सोडत जिन्यासारखा उतरत होता आणि त्याच करड्या चौकटीत शोभत होता. “कवितेला फ्रेम झकास दिलीस,” असं ते समारंभातच म्हणाले होते. दोन फायलींना दोन नियम लावता आले असते. मी लावले नाहीत; रात्रीच सगळ्या फायलींतल्या जागा पुसल्या, आणि चौकट गेली की लायब्ररी सुट्या ओळी सलग जोडून टाकते.

सकाळी अध्यक्षांचा फोन.

“अरे, माझ्या कवितेचा परिच्छेद झालाय.”

“हो सर. नियम सगळ्यांना एकच ठेवलाय.”

“लोकांचे मेसेज येतायत.”

“काय म्हणतात?”

“समजली म्हणतात.” आवाजात जखम होती.

मीही वाचली. कवितेत कालव्याकाठी भटकणारा आत्मा प्रत्यक्षात गाडी लावायला जागा शोधत होता.

दुपारी ब्रेडाहून निरोप आला. आईने लेख दोनदा वाचला होता. मग विचारलं होतं, “इतकी रडायचीस, तर फोनवर रोज ‘मजेत’ का सांगायचीस?”