यीस्टच्या आधीचा पेला

माझी पत्नी लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, आणि तेव्हापासून इकडे परदेशात, सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये बिअर धड झाली नाही. हे विधान मी पुराव्यानिशी करतो. जहाजांच्या अपघातांचे दावे लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. पुराव्याखेरीज मी कुणाला दोष देत नाही, आणि पुरावा हाती आला की कुणाला सोडत नाही.

निवृत्तीनंतर मी घरी बिअर करू लागलो, तेव्हा हिने पंचशीलातल्या मद्यत्यागाच्या शीलावर बोट ठेवून हरकत घेतली आणि मग तोडगाही स्वतःच काढला. भरडलेला माल्ट, म्हणजे मोड आणून सुकवलेले जव, गरम पाण्यात तासभर मुरले की त्यातल्या पिठाची साखर होते आणि गोड, सोनेरी पाणी उतरते. त्यात यीस्ट पडेपर्यंत मद्याचा प्रश्नच उद्भवत नाही. "यीस्टच्या आधीचा पेला माझा. नंतरचं तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. तेव्हापासून माल्टची पिशवी पातेल्यात तीच रिकामी करी आणि तीच ढवळी. मी थर्मामीटर धरून सूचना देई, ज्या ती ऐकत नसे. शेवटी वेलचीची पूड टाकलेला तो पेला घेऊन ती खिडकीशी बसे, आणि तो संपेपर्यंत मला यीस्टच्या पाकिटाला हात लावू देत नसे.

त्या गोड पाण्यात हायड्रोमीटर नावाची काचेची नळी तरंगते. साखर जितकी अधिक, तितकी ती वर राहते. साध्या पाण्याला हजार धरले, तर आमच्या कृतीला हजार पन्नास यायला हवे, आणि येत असे. ही पुण्याला गेल्यावर वाचन हजार छत्तीसवर आले. पुढच्या खेपेला आणखी खाली.

मी खवळलो. हायड्रोमीटर साध्या पाण्यात सोडून पाहिला, निर्दोष. थर्मामीटर वितळत्या बर्फात धरला, निर्दोष. नमुना गरम असला तर वाचन कमी दिसते, म्हणून तो निववून घेतला. पाणी मोजले. राहिला फक्त माल्ट. दुकानदाराला मी सविस्तर पत्र लिहिले, ग्राहकाचे हक्क आणि विक्रेत्याची जबाबदारी कलमवार मांडून. उत्तर आले नाही, म्हणून दुसरे लिहिले. त्यावर त्याने कळवले की त्याच पोत्यातला माल्ट इतरांनीही नेला आहे आणि कुणाची तक्रार नाही. इतरांची सोशिकता हा पुरावा नव्हे, असे मी त्याला बजावले.

प्रत्येक पडलेले वाचन मी पुण्याला फोनवर सादर करीत होतो. तुझ्यावाचून येथे करमत नाही, हे शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. हजार छत्तीस निघत होते. ती दोन महिन्यांच्या बोलीवर गेली होती. आता पाचवा चालू होता, आणि लेक कामावर रुजू होणार असल्याने मुक्काम वाढेल, असे सूचित केले जात होते.

एका रविवारी मी तिला म्हणालो की माझ्यावर विश्वास नसेल तर प्रत्यक्ष पाहणी कर. व्हिडिओ कॉल लावून फोन मिसळणाच्या डब्याला टेकवला.

"बघ. सगळं तुझ्यासमोर करतो."

"करा. पण आवाज कमी. बाळ आत्ता झोपलंय."

माल्टच्या दोन पिशव्यांपैकी एक मी चाळणीत ओतली आणि चाळणी नळाखाली धरली. खाली दुधासारखे पांढरे पाणी वाहू लागले.

"अहो! काय करताय?"

"धुतोय. हे पहिलं पाणी."

"पहिलं? म्हणजे दुसरंही आहे?"

"तूच सांगितलंस. धान्य दोन पाण्यांनी धुवायचं."

"तांदूळ, अहो, तांदूळ! भात शिकवत होते तुम्हाला! हे भरडलेलं आहे. ते पांढरं वाहून जातंय ना, तेच पीठ. साखर त्याचीच व्हायची होती." मग ती इतकी हसली की आत बाळ उठले. ते खांद्यावर घेऊनच ती परतली. "आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराला धमक्या देताय!"

"धमक्या नव्हेत. नोटिसा."

ती असताना माल्टला माझा हात कधी लागलाच नव्हता. धुवायचा नसतो हे मला कळणार कुठून? धुतलेला बाजूला ठेवून मी दुसरी पिशवी कोरडीच पातेल्यात रिकामी केली. ती तिकडून "तळापासून ढवळा" म्हणत राहिली आणि मी ढवळत राहिलो. अर्धेच धान्य, अर्धेच पाणी. पण नळी थेट हजार पन्नासच्या रेघेशी स्थिरावली.

"आलं?"

"आलं."

"बघा. फोनवरूनही जमलं की."

ती हसतच बोलली. तिच्यावाचून इथे काही जमत नाही, ही इतके महिने मी उभी केलेली बाजू तिने एका वाक्यात निकालात काढली होती. हाताने मात्र सवयीने पेला भरला होता, वेलचीही टाकली होती.

"पेला भरलाय," मी म्हणालो.

"प्या मग."

"तो माझा नाही."

तिने फोन जवळ घेतला.

"तू ये," मी म्हणालो.

"का? आता काय बिघडलंय?"

"काही बिघडलेलं नाही. तू ये."

कारण न देता मी आयुष्यात कुणाकडे काही मागितले नव्हते. तिने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले, त्याची पाठ थोपटली, आणि म्हणाली, "बाळ बसायला लागू दे. मग येते."

दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडची तक्रार मी मागे घेतली. पिशवीवर 'धुऊ नये' अशी सूचना छापलेली नव्हती, एवढे मात्र नमूद केले. मग लेकीला लिहिले की बाळाच्या बसण्याबाबत नियमित कळवावे. तिने फोटो पाठवला. बाळ उशांच्या मधोमध झुकलेले होते. टेकूने बसणे हे बसणे मानता येणार नाही, उशा काढून पुन्हा पाठव, असे मी कळवले. सेम्बावांगच्या शाळेत वाढलेली पोर, तिने तिथल्याच बोलीत सुनावले, "बाबा, बाळ आहे लाह, जहाज नाही. पडेल ते!"

मग चारी बाजूंनी गोधड्या अंथरा, असे मी उलट टपाली लिहिले.