हागारेची पाठ

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एका गाळ्यात लवू परब अठ्ठावीस वर्षं दगडावर नावं कोरत आला. हल्ली नावं मशीन कोरतं. लवूकडे यायचं ते मशीनला न जमणारं.

वाकोल्याची बेटी नावाची बाई असंच काम घेऊन आली. तिच्या मुलाला, नेव्हिलला, जाऊन दोन वर्षं झाली होती. कबर दुसऱ्याला द्यायची म्हणून त्याची हाडं काढून दफनभूमीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली होती. कोनाड्याच्या तोंडाशी बसवायच्या संगमरवरावर तिला एक चित्र हवं होतं, चर्चच्या जुन्या कॅलेंडरवरचं. बायबलातला प्रसंग, साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात कुणीतरी बोरूनं काढलेला. मशीननं त्यातल्या पातळ शाईच्या सावल्यांचा नुसता काळा डाग केला होता.

लवूनं पान उजेडात धरलं. झुडपाखाली पोरगा, म्हणजे जेमतेम चार रेघा. लांब बसलेली आई, पाठमोरी. मानेपासून कमरेपर्यंत एकच रेघ, खांद्याशी जाड, खाली येता येता सुकलेली. तोंड काढलेलंच नव्हतं, तरी ती रडतेय हे कळत होतं. वर कोपऱ्यात देवदूत.

बेटीनं सांगितलं, ही हागार. रानात पाणी संपलं तेव्हा पोराला झुडपाखाली टाकून ती लांब जाऊन बसली. त्याचं मरण बघवेना म्हणून.

"आणि हा देवदूत?"

"त्यानं पाणी दाखवलं. पोरगा वाचला." तिनं देवदूतावर बोट ठेवलं. "तो नका कोरू. आमच्याकडे कुणी आलं नाही."

लवूनं मान हलवली, पण त्याचं लक्ष त्या पाठीवरच होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याची मुलगी मानसी डेंग्यूनं गेली, तेव्हा तो वॉर्डात नव्हता. खाली जिन्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता. बायकोनं, वनमालानं, त्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

ती एक रेघ कोरायला तीन दिवस लागले. तरी खांद्याखाली छिन्नी घसरली, कपची उडाली आणि रेघ तुटली. बेटीनं तिथून बोट फिरवलं, असू दे म्हणाली आणि फरशी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेली.

कॅलेंडरचं पान तेवढं राहिलं. ते लवूनं संध्याकाळी घरी नेलं. वनमाला तांदूळ निवडत होती. तिच्यापुढे पान ठेवून त्यानं हागारेची गोष्ट सांगितली. मग म्हणाला, "मी पण असोच बसललंय गो. जिन्यात."

वनमालानं चित्र हातात घेऊन बघितलं.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "वॉर्डात मानसीन तुमच्याबद्दल दोनदा इचारल्यान."

तिनं पान बाजूला सारलं आणि तांदळाचं ताट पुढे ओढलं. मानसी काय म्हणाली होती, हे विचारायचं पुढे कितीदा लवूच्या ओठांवर आलं. विचारलं मात्र नाही.