पहिलवानाची पाठ

माझी पाठ आयुष्यात एकदाच खाली लागली, तीही भर बाजारात. आणि त्या दिवसाइतक्या ताठ मानेने मी कधी घरी गेलो नाही.

जर्मनाशी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. मुरबाडच्या बाजारात दारूचा गुत्ता होता, त्याच्या दारात मी काठी घेऊन उभा राहायचो. दंगा करील त्याला बाहेर काढायचं, एवढंच काम. तालमीत कमावलेलं अंग होतं, आणि त्याची मिजासही होती.

धसईच्या वाटेवरच्या आमच्याच गावचा एक गडी दर बाजाराला यायचा. दोन पेले पोटात गेले की बाकावर चढून गवळण म्हणायचा आणि कुणी हसलं की त्याच्या अंगावर जायचा. अंगाने काडी, पण आवाज सिद्धगडावर पोचेल असा. मी त्याला काखोटीला मारून बाहेर नेऊन ठेवायचो. तो मला शिव्या देत घरी जायचा. आमचं हे वर्षानुवर्षं ठीक चाललं होतं.

आषाढातल्या एका बाजारी माझं डोकं फिरलं. मी त्याला ठेवला नाही, फेकला. त्याचं मुंडासं चिखलात पडलं, आणि समोर मीठमिरची घ्यायला आलेला त्याचा व्याही उभा. लेक दिलेल्या घरचा माणूस! गड्याने मुंडासं उचललं आणि शिवी न देता निघून गेला.

आमची शेतं बांधाला बांध लागून. लावणीआधी चिखलणीला दरसाल त्याचे रेडे माझ्या खाचरात यायचे, बदल्यात आम्ही नवरा-बायको त्याच्या लावणीला जायचो. त्या साली रेडे आलेच नाहीत. दुसऱ्या कुणाचे मोकळे नव्हते. माझं भाताचं रोप वाढून पिवळं पडू लागलं. आणखी आठ दिवस गेले असते तर वर्षाचं पीक हातचं गेलं असतं.

मी नवं मुंडासं घेऊन त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर बसला होता. त्याने मुंडाशाला हातसुद्धा लावला नाही.

"पाडलंस बाजारात, नि देतोस घरात? माजा व्याही हितं हाय का बघायला?"

त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. वाटभर मी त्याला शिव्या घातल्या. गुत्त्याच्या दारातला माणूस बाजारात वाकला तर उद्या त्याला कोण जुमानणार? पण बांधावर येऊन ते पिवळं रोप पाहिलं आणि म्हटलं, मिजास गेली चुलीत.

पुढच्या बाजारी भर दुपारी मी त्याच्या व्याह्याला शोधून गुत्त्यासमोर आणलं आणि मुंडासं त्याच्याकडे सांभाळायला दिलं. गड्याला सकाळीच निरोप धाडला होता. तो आला. मी माझी काठी त्याच्या हातात दिली.

"आज दारावर तू. मला काढ भायेर."

बाजार गोळा झाला. काठी टाकून त्याने माझ्या कमरेला मिठी घातली आणि रेटलं. मी हललो नाही. मुद्दाम नव्हे, देवाशपथ! तालमीच्या सवयीने पाय आपसूक रोवले गेले. लोक हसू लागले, ते त्यालाच. जोडायला आलो आणि आणखीच मोडत होतो.

"सोड रे पाय," तो माझ्या छातीत तोंड खुपसून पुटपुटला. "व्याही बघतोय."

मी पाय सोडले. सपशेल चिखलात! बाजार असा ओरडला की गाड्यांचे बैल बुजले. सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो व्याही. मी हात धोतराला पुसून उठलो आणि व्याह्याकडून ते मुंडासं घेऊन सगळ्यांदेखत गड्याच्या डोक्यावर बांधलं. तो माझ्या पाठीवरचा चिखल हाताने निपटून काढत राहिला. माझा दरारा कमी होईल ही भीती मात्र फुकटची होती. त्यानंतर गुत्त्यात कुणी आवाज चढवला की आधी तोच त्याला गप्प बसवायचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी शेतावर गेलो, तर माझ्या खाचरात रेडे फिरत होते. मागे तो, डोक्यावर नवं मुंडासं, आणि थेंबभर न पिता अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी गवळण. मी रोप उपटून मुठी बांधल्या, धावत चिखलात उतरलो आणि त्याच्याहून मोठ्याने गायला लागलो.