जागा मोकळी केली आहे

बाबांनी मला स्वारगेटपर्यंत स्कूटरवर सोडलं होतं. एक बॅग त्यांच्या पायांशी, दुसरी माझ्या मांडीवर, आणि आई मागून रिक्षाने. मुंबई विमानतळाची बस सुटायला अजून पाऊण तास होता, कारण बाबा कुठेही वेळेवर पोचत नसत, आधीच पोचत. आई रडत होती. बाबांनी स्कूटर स्टँडवर चढवली, हातरुमालाने सीट पुसली आणि म्हणाले, "कागद हाताशी ठेव. बाकी सगळं जगात कुठंही मिळतं." बस वळताना मागे पाहिलं, तर ते किक मारत होते. पहिल्याच किकला स्कूटर सुरू झाली.

त्याला बावीस वर्षं झाली. मागच्या जूनमध्ये मी इंग्लंडहून कायमची परत आले, आणि आता तिकडच्या तुम्हा मंडळींचे मेसेज येतात, "आम्हीही परततोय. गाडी न्यावी का?" गाडी जहाजाने पाठवणाऱ्या एजंटचा नंबर देऊन मी सुटले असते. पण तो एजंट मला जितका नडला तितका कुणालाही नडू नये, आणि खरं उत्तर त्याच्याकडे नाहीच.

ती गाडी म्हणजे माझा हट्ट होता. लग्न तिकडेच झालं, तिकडेच मोडलं, आणि त्यानंतर फक्त माझ्या नावावर घेतलेली ती पहिली वस्तू. दोन वर्षांची जुनी, लाल. स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे भारतात चालेल, तीन वर्षांच्या आत आहे म्हणून आणता येईल, एवढं मी वाचून काढलं होतं. आई गेल्यापासून बाबा वारज्याच्या फ्लॅटमध्ये एकटे होते. मी त्यांच्यासाठी परतत होते, पण रिकाम्या हाताने, हरून आल्यासारखी नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. कुणाला, ते विचारू नका.

फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आण की. जागा मोकळी केली आहे." मी म्हटलं, "थँक यू बाबा." आणि पुढच्या कामाला लागले.

उतरले त्या दिवशी त्यांनी मला आधी पार्किंग दाखवलं, मग घर. आमची एकुलती एक जागा झाडून लख्ख केली होती, फ्लॅटचा नंबर नव्याने रंगवला होता. मधोमध ऑइलचा एक काळा डाग मात्र निघाला नव्हता.

"बाबा, स्कूटर कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"ज्याला चालवायची होती, त्याला."

एका फ्लॅटला एकच वाहन, हा सोसायटीचा नियम. तो मला माहीत नव्हता असंही नाही.

गाडी बंदरात अडकली. तिकडून निघण्याआधी घ्यायचा तपासणीचा दाखला मी घेतलाच नव्हता, एजंट म्हणाला होता, "नंतर होऊन जाईल, मॅडम." कागद हाताशी ठेव, असं बावीस वर्षांपूर्वी ऐकलेली मी! चार महिने मी मुंबईला खेपा घातल्या, आणि चार महिने ती झाडलेली जागा रिकामी राहिली.

बाबांचा रोजचा एक फेरा असे. वारज्याहून स्कूटरने स्वारगेटपाशी, तिथे टेक्निकल शाळेतल्या तीन जुन्या सहकाऱ्यांबरोबर चहा, येताना भाजी. आता ते बसने जाऊ लागले. आठवडाभर गेले, मग बंद. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बसमध्ये लोक उठून जागा देतात. म्हातारं करून टाकतात." मी हसले. मी हसले, हे मला आजही खुपतं.

दसऱ्याला सोसायटीतले सगळे आपापल्या गाड्या धुऊन हार घालत होते. बाबा ताम्हन घेऊन खाली आले आणि त्या डागापाशी थांबले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पुजायला वाहन नव्हतं. शेजारच्या जोशी काकूंनी विचारलं, "गाडी कुठाय मग?" बाबा म्हणाले, "बंदरात. हवा मानवली आहे तिला." मग माझ्याकडून किल्ली मागून घेतली, ताम्हनात ठेवली आणि तिलाच हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना माझ्या गाडीचं कौतुक आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दिवाळीनंतर गाडी आली. गेटच्या गतिरोधकावर तिचं पोट घासलं, ते रोजच घासतं. बाबांनी पुढे बसून काट्याकडे पाहिलं. "ही अजून मैलच मोजते का?" म्हणाले. मी त्यांना ऐटीत स्वारगेटला नेलं. अर्धा तास घिरट्या घातल्या, ती उभी करायला जागा मिळाली नाही. "राहू दे, घरी चल," म्हणाले. त्यानंतर ते विचारू लागले, "तुला वेळ असेल तर." आयुष्यात कुणाला असं न विचारलेला माणूस, माझ्या दाराशी उभा राहून, चप्पल न घालता.

जानेवारीत मी बाबांच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याकडून शोध काढला. स्कूटर पुण्याबाहेर मांजरी गावात होती, त्याच्या मेहुण्याकडे. संपत त्याचं नाव. मी बाबांना घेऊन गेले. ऊसतोड चालू होती, बांधावर स्कूटर उभी, मागे दोन कॅन बांधलेले. संपत म्हणाला, "काका, लई गुणाची हाय. मारा की किक."

बाबांनी रुमाल काढून सीट पुसली. किक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा पाय घसरला आणि ते हँडल धरून उभे राहिले. संपत पुढे झाला तसा त्यांनी हातानेच त्याला थांबवलं. आठ महिन्यांत पायातलं बळ गेलं होतं. रोज किक मारत होते म्हणूनच ते टिकून होतं, हे मला तेव्हा कळलं.

"परत न्यायची का, बाबा? मी माझी गाडी विकते."

"दिलेलं परत मागत नाहीत," ते म्हणाले. संपतला म्हणाले, "ऑइल वेळच्या वेळी बदलत जा." मग गाडीत येऊन बसले आणि पट्टा लावून घेतला.

माझी गाडी डागावरच उभी असते, त्यामुळे तो दिसत नाही. बाबा गॅलरीत बसतात. मी हॉर्न वाजवला की खाली बघून हात करतात. हेच आता माझं घर, आणि ते मी अर्धं मोडून त्यात राहायला आले आहे.

तुम्ही विचारता, गाडी न्यावी का. न्या. कागद हाताशी ठेवा. फक्त घरून कुणी म्हणालं, जागा मोकळी केली आहे, तर थँक यू म्हणू नका. आधी विचारा, तिथे काय उभं होतं.