साडूभाऊंचा दुसरा पंप

माझ्या थोरल्या साडूंइतका पंपाचा विचार केलेला मनुष्य अमरावती-अकोल्याच्या मुलखात दुसरा झाला नसेल; आणि त्यांचा तो विचार बरोबर असूनही जगापुढे चुकीचा ठरला, याला सर्वस्वी मी कारण आहे. हे दुसरे विधान मी नऊ वर्षे कोणापाशी, अगदी पत्नीपाशीही, उच्चारले नव्हते. नातेवाइकांत साडूभाऊंच्या फजितीची कथा निघाली की मी मान खाली घालून सुपारी कातरू लागे. लोकांना तो माझा विनय वाटे. पन्नाशी उलटल्यावर माणसाने स्वतःच्या विनयाची एकदा झडती घ्यावी, म्हणून हे लिहीत आहे.

पंप म्हणजे रस्त्यावरचा नव्हे. मोटारीच्या टाकीतले पेट्रोल ओढून इंजिनाला पाजणारा, मुठीएवढा. साडूभाऊ अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसाच्या यंत्रांमध्ये तीस वर्षे काढल्यामुळे त्यांना ऐकू फार कमी येई, आणि इतरांनाही तसेच ऐकू येत असावे या समजुतीने ते बोलत. ते अकोल्याहून गाडीत बसताना निरोप घेत तो बडनेऱ्याला पोचत असावा, असा आमच्या घरात प्रवाद होता. मी अमरावतीचा शाळामास्तर, आवाज जन्मतः बारीक. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकाला मी केवळ दिसत असे. त्यांनी पहिल्याच भेटीत माझे निदान केले होते. "मास्तर, टाकीत तुमच्या माल लय हाये. पंप कमजोर हाये. ओठापर्यंत येतच नाही!" सर्व प्राणिमात्रांकडे ते याच दृष्टीने पाहत. गाय आटली, नळाचे पाणी गेले, कोणाचे लग्न जमता जमता मोडले, तरी ते डोळे बारीक करून विचारत, "माल कमी हाये का पंप?"

त्यांच्याजवळ लिलावात घेतलेली एक जुनी मोटार होती. ती घरापासून फॅक्टरीपर्यंत विनातक्रार जाई, आणि हेच त्यांना सहन होत नसे. एकदा रद्दीच्या दुकानात त्यांना एक विलायती मासिक सापडले. त्यात टर्बो नावाच्या यंत्राचे चित्र होते: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरते, ते चाक पंखा फिरवते, आणि पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. मजकूर इंग्रजीत असल्याने ते मासिक घेऊन ते अमरावतीला आले आणि मी दोन रविवार खपून त्याचे शुद्ध मराठीत भाषांतर करून दिले. 'इंजिनाची शक्ती दीडपट होते' हे वाक्य मी जरा अधिकच सफाईने लिहिले, असे आता वाटते. महिन्याभरात फॅक्टरीतला मोडका पंखा त्यांच्या मोटारीच्या पोटात जाऊन बसला आणि ती मोटार शिट्टी वाजवू लागली. शिट्टी अशी की गल्लीतली कुत्री प्रथम भुंकली, मग विचारात पडली आणि शेवटी दुसऱ्या गल्लीत राहायला गेली.

येथून खरा पंपप्रश्न उभा राहिला. हवा दीडपट, तर पेट्रोलही दीडपट हवे, आणि तेही जोराने. मोटारीच्या जुन्या पंपात तेवढा दम नव्हता. साडूभाऊंनी प्रथम पंपच नको असे ठरवून टपावर पेट्रोलचा डबा बांधला. पेट्रोल आपल्या वजनाने खाली येईल, ही कल्पना. पण पंख्याच्या हवेचा जोर अधिक निघाला. गाडी अंगणात सुरू करताच पेट्रोल आल्या वाटेने परत फिरले आणि डब्यातून कारंज्यासारखे उसळून अंगणात वाळत घातलेल्या पापडांवर पडले. अक्का, म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण, दारात येऊन म्हणाल्या, "अजी, पापड खाऊन का आता लोकायनं अकोटले पळत जावं?" ते पापड त्यांनी तरीही वर्षभर पुरवले. तळताना मात्र सगळ्यांना लांब उभे करीत.

मग दोन पंपांचा सिद्धान्त निघाला. एक मोटारीचा मूळचा, आणि दुसरा लढाईनंतर मोडीत निघालेल्या लष्करी लॉरीचा, विजेवर टक्-टक् करीत चालणारा. आता दोन पंप एकामागे एक लावावेत की शेजारी-शेजारी? या प्रश्नाने त्यांची आठ महिने झोप उडवली. मोर्शीला एका लग्नात ते पंगतीतून एकाएकी उठले आणि वरण वाढणाऱ्या दोघांना धरून म्हणाले, "तू याच्या बादलीत ओत, अन् तू पानावर वाढ." काही वेळ हे चालले. "आता दोघं संगंच वाढा. जोरात! मास्तर, मोजा!" मी मोजत होतो. ज्यांच्या पानावर हा प्रयोग झाला ते वराचे मामा होते. त्यांचा भात, त्यांची भाजी आणि त्यांचे सोवळे अशा क्रमाने वरण पुढे सरकत गेले. "शेजारी-शेजारी!" साडूभाऊ गर्जले. "फैसला झाला!" मामा जेवण टाकून गेले, साडूभाऊंनी त्यांच्या वाटणीची जिलबी मला दिली.

दोन्ही पंप नेहमी चालू ठेवले तर पेट्रोल वाहून जाई, म्हणून दुसऱ्यासाठी त्यांनी एक बटन बसवले. चढ आला, जोर लागला, की बटन दाबायचे. पण तोवर अक्कांचा धीर संपला होता. त्यांनी माझ्यासमोर अट घातली. "उद्या सकायच्या यष्टीच्या आधी अकोटले पोचून दाखवा. पोचले तर मी जलमात बोलणार नाही. नाही पोचले तर तो पंखा फॅक्टरीत वापस, अन् मोटारीच्या अवजारांले पुन्हा हात लावाचा नाही." साडूभाऊ म्हणाले, "कबूल." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, बटन तुमी दाबाचं. घरातला माणूस पाहिजे त्या कामाले."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसच्या बरोबरीने निघालो. पूर्णेच्या पुलापर्यंत आम्ही चांगलेच पुढे होतो. बैल बुजत होते आणि शेतातल्या बाया उभ्या राहून पदराने तोंड झाकून हसत होत्या. माझ्या पायाशी पत्रा तापला होता आणि त्याच्या फटीतून धुराची लाल झालेली नळी दिसत होती. पेट्रोलचा वास येत होता. पूल संपला, चढ लागला. साडूभाऊ ओरडले, "दाबा!"

माझे बोट बटनावर होते. मला ती लाल नळी दिसली, मग घरी असलेल्या माझ्या दोन मुली डोळ्यांपुढे आल्या. बोट हलले नाही.

"दाबलं का?"

"दाबलं," मी म्हणालो.

दुसरा पंप चालू झाला असता तर त्याची टक्-टक् मागच्या सीटखालून कोणालाही ऐकू आली असती. साडूभाऊंना ती कधीच ऐकू येत नसे. पंपावर बोट ठेवून ते ती ओळखत, आणि त्या वेळी त्यांचे दोन्ही हात चाकावर होते. मोटारीने दोन आचके दिले, शिट्टी उतरत उतरत थांबली आणि आम्ही चढाच्या मध्यावर उभे राहिलो. मागून बस आली. ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारले, "काय जी काका, ढकलाले मानसं उतरवू का?" सारी बस हसली. साडूभाऊ स्टिअरिंगकडे पाहत म्हणाले, "दोन पंप बी कमी पडले, मास्तर. माह्यं गणितच चुकलं."

बटन न दाबल्याबद्दल मी स्वतःला फारसा दोष देत नाही. भित्रा मनुष्य भितो. पण ते 'दाबलं' मी भीतीने म्हणालो नव्हतो. भित्रा दिसू नये म्हणून म्हणालो होतो.

त्यांनी शब्द पाळला. पंखा फॅक्टरीत गेला, मोटारीवर ताडपत्री पडली आणि तिच्या सीटवर अक्कांच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या. साडूभाऊ शहाणे झाले. गाय आटली तर गवळ्याला विचारा म्हणत. सारे नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकीत होते, आणि मला मात्र त्यांच्या घरी जावेसे वाटेनासे झाले.

गेल्या वैशाखात माझ्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. व्याह्यांच्या पंगतीत वरण कमी पडले. वाढपी एकच, पाने साठ. जुनी माणसे कौतुकाने साडूभाऊंकडे पाहू लागली, आता हे उठणार म्हणून. ते उठले नाहीत. कोरडा भात चिवडीत म्हणाले, "येईल वरण. काय घाई हाये?"

हे ऐकून मी माझे पान सोडून उठलो. मी त्यांच्या शेजारी बसून हळूच म्हणालो, "साडूभाऊ, त्या दिवशी मी बटन दाबले नव्हते."

"काय म्हणता? जोरात बोला ना जी!"

मी पुन्हा म्हणालो. पलीकडच्या दोन पानांनी ऐकले, त्यांनी नाही. तिसऱ्यांदा ओठ पाहून त्यांना ते कळले. हातातला घास त्यांनी पानावर ठेवला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. नऊ वर्षांनी त्यांचे डोळे पुन्हा बारीक झाले.

"म्हंजे दोन पंप बरोबर होते?"

"बरोबर होते."

"शेजारी-शेजारी?"

"शेजारी-शेजारी."

"मंग मले काय सांगता? थे पाहा, तुमची अक्का तिकडं बायांच्या पंगतीत बसली हाये. तिले आयकू जाऊ द्या!"

मी उठून उभा राहिलो. समोर व्याही होते, जावई होते, शाळेतले सहकारी होते. आयुष्यात प्रथमच माझा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळला.

"अक्का! मी बटन दाबलंच नव्हतं! यांचे दोन्ही पंप बरोबर होते! मी भ्यालो आणि खोटं बोललो! साडूभाऊ, माझं चुकलं, मला क्षमा करा!"