सासुरवाडीला नेलेला गारवा

आमच्या शेजारचे भारत गांगुर्डे सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. उष्ण कटिबंध त्यांनी जन्मभर शिकवला, पण बायकोला उन्हात भोवळ यायला लागल्यापासून त्यांचं त्याच्याशी वैरच झालं. सिंधुबाईंचं माहेर मालेगावचं. बुद्धपौर्णिमेला आई दरवर्षी बोलवायची आणि डॉक्टर वैशाखात जाऊ द्यायचे नाहीत. यंदा आईचा फोन आला, "पुढच्या साली मी असंन का नसंन." त्यानंतर सिंधुबाईंना जेवण जाईना.

सरांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग टाकला, टपावर एसी बसवला. जनरेटर माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला, म्हणून मलाही न्यायचं ठरलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

जनरेटर लहान. एसी सुरू होताना जो झटका घेतो, त्यानं तो गपकन बंदच पडायचा. मग सरांनी तोड काढली. झटका बॅटरी आणि इन्व्हर्टरनं सोसायचा, जनरेटरनं मागून बॅटरी भरत राहायची. पण एसी चालू असेपर्यंत साधा मोबाईलसुद्धा चार्ज करायचा नाही आणि दार तर मुळीच उघडायचं नाही. उघडलं की एसीला धाप लागणार आणि इन्व्हर्टर बोंबलणार.

मालेगावला गाडी सासुरवाडीच्या दारात लावली, जनरेटर कडेला ठेवून सुरू केला. सिंधुबाई आईला आणायला घरात गेल्या. तेवढ्यात मेव्हणा, मेव्हणी, त्यांची पोरं आणि गल्लीतले दोन म्हातारे "बघू तरी" म्हणत आत चढले आणि दार लावून बसले. दाराचा नियम त्यांना फारच पटला. कुणी उतरेना. पौर्णिमेची खीरसुद्धा खिडकीच्या फटीतून द्यावी लागली.

"उठवा की त्यांना!" मी म्हणालो.

"अहो, जावई आहे मी," सर कळवळले. "सासुरवाडीच्या माणसांना ऊठ कसं म्हणू?"

जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती तापल्या घरात आणि ही मंडळी गारव्यात. माझं डोकंच फिरलं. जनरेटर बंद करायला निघालो, तर सर म्हणाले, "थांबा, आधी हिला बघू."

घरातली वीज गेली होती. सासूबाईंनी, म्हणजे बयाबाईंनी, खिडकीला ओलं लुगडं बांधलं होतं, फरशीवर पाणी शिंपडलं होतं. सिंधुबाई आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या, चक्क घोरत होत्या. म्हातारी पदरानं वारा घालत होती. सरांचे डोळे भरून आले.

"आई, चला गाडीत. मी जागा करतो."

म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं. "जावईबापू, ते मशीन इतक्यात बंद नका करू. लय वर्षांनी लेक एकटी भेटली. बंद केलं तर सगळे घरात येतीन."

बाहेर येऊन सरांनी माझ्या हातात पेट्रोलचा रिकामा कॅन दिला. मी त्या उन्हात पंपापर्यंत चालत गेलो आणि कुरकुर केली नाही.